सीलबंद तूर

१

एकशे वीस कुंड्यांमधली एकशे अठरा रोपं मेली होती.

राजकन्या हंबर्डे जाळीखालच्या ओळींमधून दोनदा फिरली. कुंड्यांत मर रोगाची माती होती. या मातीत साधी तूर तीन आठवड्यांत मान टाकते. लातूरच्या शिवांश विद्यापीठातली डॉ. शिवगंगा केंद्रे मात्र नऊ वर्षं सांगत आली होती, की तिनं तयार केलेली तूर या मातीतही उभी राहते. त्यासाठी राज्य संशोधन निधी मंडळानं तिला नऊ वर्षं पैसे दिले होते. आणि आता नांदेडच्या कार्यालयामागं ती तूर अशी आडवी पडली होती.

"नऊ वर्षं सरकारला टोपी घातली बाईनं," विभागप्रमुख व्यंकटराव म्हणाले. "शुक्रवारी तुझा अहवाल पाहिजे. प्रकल्प बंद, बाईवर गुन्हा. यात तपास करण्यासारखं काही नाही."

तसं खरंच काही दिसत नव्हतं. गेल्या डिसेंबरात नवा नियम आला होता: ज्या विद्यापीठाची परदेशात शाखा आहे, त्याला सरकारचा संशोधन निधी नाही. हवाच असेल तर इथला पैसा आणि इथलं बी तिकडं जात नाही, हे आधी सिद्ध करायचं. राजकन्याला हा नियम मनापासून आवडला होता. इथल्या पोरांना प्रयोगशाळेत धड पाण्याचा नळ नाही आणि म्हणे मस्कतला काचेची इमारत! अशा संस्थांचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

नियमाप्रमाणं जानेवारीत मंडळाचा माणूस लातूरला गेला. त्यानं शिवगंगाचं दहा किलो बी तागाच्या पिशवीत भरून घेतलं, तोंड सुतळीनं आवळलं, गाठीवर लाख ओतली आणि तिघांच्या सह्या घेतल्या. पिशवी आठ आठवडे तिथल्याच बियाणे-खोलीत राहिली, कारण मंडळाच्या जीपला चाकं होती पण डिझेल नव्हतं. मार्चमध्ये ती नांदेडला आली तेव्हा लाख जशीच्या तशी होती. म्हणजे मधे पिशवी कुणी उघडली नाही. म्हणजे बाईनं आधीच खोटं बी भरलं. व्यंकटरावांचा हिशेब सरळ होता.

राजकन्यानं रिकामी पिशवी उचलली, तळाच्या कोपऱ्यांना बांधलेले दोन कान धरून उलटी केली आणि सवयीनं झटकली. तोंडाच्या चुणीत अडकलेले तीन दाणे खाली पडले. ते तिनं पाकिटात ठेवले आणि पुन्हा कुंड्यांकडं पाहिलं.

"साहेब, बी साधंच असतं तर सगळीच रोपं मेली असती. ही दोन का जगली?"

व्यंकटरावांनी घड्याळाकडं तेवढं पाहिलं.

२

"चौकशीला आलात की अटक करायला?" शिवगंगानं दारातच विचारलं. खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही.

"ते तुमच्या उत्तरावर आहे."

"माझं उत्तर एकच हाय. लाख माझ्यासमोर ओतली. आत माझंच बी होतं."

"मग ते मेलं कसं?"

"ते मेलं न्हाई. ते त्या पिशवीत नव्हतं."

बाई जळकोटची. तिच्या बापाची तूर सलग चार वर्षं मर रोगानं गेली होती, आणि त्या रागातून ती या विषयात शिरली होती. हे सगळं फाईलमध्ये होतं. फाईलमध्ये नव्हतं ते तिनं आता सांगितलं.

"दुसरं बी दाखवा म्हणताल तर माझ्याकडं एक दाणा न्हाई. सगळा साठा सील करा, असा तुमचा नियम. मी हात जोडले, मूठभर तरी मागं ठेवू द्या म्हणून. तुमचा माणूस म्हणाला, परदेशात शाखा असलेल्यांवर भरोसा न्हाई. ही शाखा काय मी काढली? मस्कत कुठल्या दिशेला हाय ते सुद्धा मला ठाऊक न्हाई!"

राजकन्याला ते लागलं. लागलं म्हणून ती आणखी कडक झाली.

"बी सापडलं नाही, तर नऊ वर्षं वाया गेली असं समजायचं?"

"वाया गेली न्हाईत, चोरीला गेली," शिवगंगा म्हणाली. "अन् चोर म्हणून नाव माझंच लागणार."

बियाणे-खोलीची चावी हनुमंतकडं असायची. पन्नाशीचा, घाबरट माणूस. त्यानं कुलूप काढायच्या आधीच शपथा घ्यायला सुरुवात केली.

"चावी माझ्या कमरंला असती म्याडम. झोपताना सुद्धा. फकस्त महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रंला गेलतो, तवा ऑफिसात दिली. अप्पाच्या टेबलात."

अप्पा म्हणजे संगप्पा हलकुडे, विद्यापीठाचे संस्थापक. नातवाचं नाव विद्यापीठाला आणि मुलाचं, रुद्रेशचं, नाव मस्कतच्या शाखेला देऊन मोकळे झालेले.

"त्या दिवशी ऑफिसात कोण होतं?"

"मला कसं ठावं? आख्खं लातूर यात्रंत. पण रुद्रेशसाहेब मस्कतहून आलते. दोन दिसांनी परत गेले. कालच पुन्हा आलेत, तुमची चौकशी हाय म्हणून."

फळीवर नव्या तागाच्या पिशव्यांची चळत होती, सीलबंद पिशवी होती तशाच. राजकन्यानं वरची उचलली आणि झटकायला म्हणून तळाला हात घातला.

तिचा हात रिकामाच राहिला. तिनं दुसरी पिशवी घेतली, मग तिसरी. हनुमंत तोंड उघडं टाकून बघत होता.

"काय झालं म्याडम?"

"काही नाही. यातली एक मला दे. आणि मी पिशव्या बघितल्या, हे कुणाला सांगितलंस तर तुझी शपथ तुझ्याच गळ्यात."

३

रुद्रेश हलकुडेनं तिला वीस मिनिटं बाहेर बसवलं, आणि आत बोलावल्यावर फोनवर आणखी दहा मिनिटं बोलत राहिला.

"तुमचा नियम म्हणजे डबक्यातल्या बेडकानं समुद्रावर बंदी घातल्यासारखं आहे," फोन ठेवत तो म्हणाला. "जग कुठं चाललंय आणि तुम्ही दाणे मोजताय."

"दाणे मोजायचाच पगार आहे मला. महाशिवरात्रीला तुम्ही इथं होता?"

"सणाला घरी येणं गुन्हा आहे का?"

"बियाणे-खोलीत गेला होता?"

"मी? त्या धुळीत?" तो मोठ्यानं हसला. "माझी बॅग विमानतळावर तपासली गेली. चौकशी करा. दहा किलो तूर काय खिशातून नेली मी? आणि तुमच्या पिशवीचं सील तर शाबूत होतं म्हणे. एक तर तुमचं सील कुचकामी, नाहीतर ती बाई खोटारडी. तुम्हीच ठरवा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं राजकन्याच्या जिभेवर आलं होतं, पण ती त्याच्या हातांकडं पाहत होती. गोरे, मऊ हात. नखं कापायलाही माणूस ठेवत असेल. या हातांनी आयुष्यात पोती शिवायचं दाभण धरलं नसणार, आणि नेमकी तीच अडचण होती. आवडलं असतं तिला याला बेड्या पडलेल्या. पण हे काम या हातांचं नव्हतं.

"तुमचे वडील कुठं भेटतील?"

"अप्पा? ते विद्यापीठात कमीच असतात. आडतीवर बघा. तुम्हाला आवडेल तिथं," रुद्रेश म्हणाला. "पोत्यांचा वास येतो."

४

मोंढ्यातल्या आडत बाजारात संगप्पांची पेढी अजून होती. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरं धुवट धोतर-सदरा. त्यांनी तिला गादीवर बसवलं, चहा सांगितला, गाव विचारलं.

"उमरी? उमरीचे कोणते हंबर्डे?"

"पिराजी हंबर्डे. मोंढ्यात हमाल होते."

"अस्सं!" म्हातारा खुलला, पण चहाचा कप तिच्यापुढून जरा बाजूला सरकला. "हमालाची लेक साहेबीण झाली. बसवेश्वराची कृपा. मी बी लई कष्ट काढले, बाई. ह्याच बाजारात दिवाणजी म्हणून आलो. झाडलोट, पोती शिवणं, काटा धरणं, काय केलं न्हाई? माझा पोरगा मात्र फाईव्ह स्टार निघाला."

"मस्कतची शाखा त्यांचीच कल्पना?"

"त्याचा हट्ट. मी तर म्हणतो, बंद करून टाका. सरकारचा नियम बरोबर हाय. देशाचं बी देशात राहावं." त्यांनी डोळे टिपले. "त्या शिवगंगाला मी लेकीसारखं वागवलं. अन् तिनं असं करावं? पोलिसात देऊ नका तिला. एवढी विनंती. गुपचूप प्रकल्प बंद करा, संपलं."

भिंतीवर फळी होती, आणि फळीवर कागदाच्या छोट्या पुड्यांची रांग. प्रत्येकीवर तारीख आणि नाव.

"ह्या कशाच्या?" राजकन्यानं विचारलं.

"नमुने. माल गेला तरी नमुना आपल्याकडं पाहिजे. उद्या समोरचा म्हणाला माल हलका निघाला, तर काय दाखवायचं? पैसे हातात येईस्तोवर पुडी हलवायची न्हाई. सख्ख्या भावाशी सौदा असला तरी." संगप्पा हसले. "तुमच्या बापाला ठाऊक असंल. पण हमालाचा संबंध पाठीपुरता. पुडीपर्यंत त्याचा हात कुठून पोचणार?"

राजकन्यानं चहा तसाच ठेवला. बाहेर आल्यावर आपली कानशिलं तापल्याचं तिला कळलं. तिच्या बापाची पाठ चाळीस वर्षं असल्याच पेढ्यांपुढं वाकली होती. पण बापानं तिला एक गोष्ट शिकवली होती, आणि ती पाठीची नव्हती, बोटांची होती.

तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दाभण आणि सुतळीचा तोडा विकत घेतला.

५

शुक्रवारी सकाळी अकराला तिनं चौघांना बियाणे-खोलीत बोलावलं. व्यंकटरावही आले होते, अहवालावर सही करून जेवायला नांदेड गाठायच्या बेतानं.

मधे टेबलावर करडईनं भरलेली एक तागाची पिशवी होती. तिचा तळ उसवलेला होता, म्हणून ती आडवी ठेवली होती.

"हा दुसऱ्या प्रकल्पाचा नमुना," राजकन्या म्हणाली. "तळ उसवलाय. सगळ्यांसमोर शिवून न्यायचाय. हनुमंत, घे."

हनुमंतनं दाभण धरलं आणि गोधडीला घालतात तसे चार सरळ टाके घातले.

"उसव. डॉक्टर केंद्रे, तुम्ही."

"आता हे काय नाटक?" शिवगंगा म्हणाली, पण तिनं शिवलं. बारीक, जवळ जवळ टाके, पोलक्याला घालावेत तसे. राजकन्यानं तेही उसवायला लावले.

"रुद्रेशसाहेब."

"मी शिंपी नाही."

"तसं अहवालात लिहू? सहकार्य केलं नाही म्हणून?"

त्यानं रागानं दाभण उचललं. पहिल्याच टाक्याला बोटात घुसवून घेतलं आणि पिशवी सोडली. करडई टेबलावरून फरशीवर घळाघळा सांडू लागली. तो बोट चोखत मागं सरला, आणि त्याचा चकचकीत बूट दाण्यांवर पडला.

"अरे, दाणे सांडायलेत!" संगप्पा ताडकन उठले. "पाय काढ! धान्यावर पाय देतोस? सरक, सरक तिकडं!"

त्यांनी पिशवी हिसकावली, गुडघ्यात दाबली. दाभण एका हातातून दुसऱ्या हातात लीलया फिरलं. कोपरा मुठीत घेऊन सुतळीचे दोन वेढे, गाठ, मग तिरके लांब टाके, दुसऱ्या कोपऱ्याला पुन्हा दोन वेढे, पुन्हा गाठ. मिनिटभरात काम झालं. म्हाताऱ्यानं सुतळी दातानं तोडली आणि अभिमानानं पिशवी टेबलावर आपटली.

तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन घट्ट कान उभे होते.

राजकन्यानं आपल्या बॅगेतून नांदेडहून आणलेली रिकामी पिशवी काढून शेजारी ठेवली. तिच्या तोंडाला लाखेचे तुकडे अजून चिकटलेले होते. आणि तळाला अगदी तसेच दोन कान होते.

"अप्पा," ती म्हणाली, "दहा किलोच्या पिशवीला कान कशाला काढलेत?"

संगप्पांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

६

"क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायला हमालाला पकड लागते," राजकन्या व्यंकटरावांकडं वळून म्हणाली. "म्हणून मोंढ्यात पोतं शिवणारा कोपऱ्यांना कान काढतो. कान नीट नसले तर माझा बाप दिवाणजीला शिव्या द्यायचा. पण ते पोत्याच्या तोंडाला असतात, साहेब. तळ कारखान्यातून मशीननं शिवून येतो, सपाट. ह्या फळीवरच्या सगळ्या पिशव्या बघा. नांदेडला मी कान धरून पिशवी झटकली, तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. हाताला सवय होती. इथं हात रिकामा राहिला, तेव्हा कळलं."

"म्हणजे लाखेला कुणी हातच लावला नाही," व्यंकटराव सावकाश म्हणाले.

"कशाला लावेल? तोंडावर सरकारचं सील, म्हणून सगळे तोंडच बघत बसले. महाशिवरात्रीला तळ उसवला, खरं बी काढलं, बाजारातली तूर भरली, तळ पुन्हा शिवला. खरं बी विमानातल्या बॅगेतून नाही, पेढीच्या मालातून गेलं. आवळलेल्या तोंडाच्या चुणीत चार-दोन खरे दाणे अडकून राहिले, मी झटकल्यावर तीन पडले तसे. त्यातलेच दोन नांदेडला उगवले आणि जगले. शिवगंगाबाईंनी आधीच खोटं बी भरलं असतं, तर ते दोन आले कुठून?"

शिवगंगा फळीला टेकून उभी होती. तिनं डोळ्यांवर हात धरला होता.

"मोंढ्यात हजार माणसं कान काढत्यात," संगप्पा म्हणाले. आवाज अजून पेढीवरचाच होता.

"खरंय. पण ह्या खोलीची चावी हजार जणांच्या टेबलात नव्हती. तुमच्या टेबलात होती. आणि असं काम तुम्ही नोकराला सांगणार नाही, पोराला जमणार नाही. प्रकल्प चालला असता तर वाण सरकारचं झालं असतं. प्रकल्प फसला की त्याच्याकडं कोण बघतो? मग तेच बी मस्कतला तुमच्या शाखेच्या नावानं नवा शोध म्हणून निघणार, तिथली कंपनी पैसे मोजणार, आणि इथं 'एक दाणा बाहेर गेला नाही' असं लिहून देऊन बाकीचा निधी चालूच. मरायची ती जळकोटची बाई. कुंपणानंच शेत खाल्लं, अप्पा, आणि वर मला म्हणालात, तिला पोलिसात देऊ नका."

"ही सगळी गोष्ट झाली," रुद्रेश बोटाला रुमाल गुंडाळत म्हणाला. "पुरावा कुठंय? बी कुठंय? दाखवा ना एक दाणा."

"दाखवते. माल गेला, पण पैसे आलेत का?"

संगप्पा खाली बसले.

सगळे आडतीवर गेले. पेढीवरच्या फळीवर ती पुडी शोधायला हनुमंतलासुद्धा दोन मिनिटं लागली नाहीत. डावीकडून सातवी. वर संगप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: महाशिवरात्र. तूर. मस्कत. आत पाव किलो बी होतं.

"अप्पा!" रुद्रेश किंचाळला. "तुम्ही पुडी ठेवली? सगळं पाठवा म्हणून सांगितलं होतं मी! सगळं!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, पेढीवर कोण कोण आहे ते.

म्हाताऱ्यानं मुलाकडं पाहिलंसुद्धा नाही. "पैसे आले नव्हते ना रे अजून," तो एवढंच म्हणाला.

एकवीस दिवसांनी नांदेडच्या जाळीखाली पुन्हा एकशे वीस कुंड्या होत्या, तीच माती, तोच पाण्याचा झारा. त्यातली एकशे सोळा रोपं उभी होती. शिवगंगा लातूरहून रोज पहिल्या एसटीनं येऊन त्यांना पाणी घालत होती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि पगारही बंद झाला होता.

कारण राजकन्याच्या अहवालावर मंडळानं त्याच आठवड्यात निर्णय घेतला होता. बी परदेशी शाखेत गेल्याचं सिद्ध झालं, सबब नियमाप्रमाणं विद्यापीठाचे सर्व प्रकल्प बंद. सर्व म्हणजे सर्व, शिवगंगाचासुद्धा. निधी संस्थेला असतो, माणसाला नसतो. राजकन्यानं दोन्ही कागद तिच्यापुढं ठेवले, निर्दोष असल्याचा आणि प्रकल्प बंदचा. शिवगंगानं दोन्ही नीट वाचले.

"चोर धरलात, ताई," ती म्हणाली, "अन् घर माझं सील केलंत."

राजकन्याला स्वतःचीच चीड आली. हाच नियम तिला डिसेंबरात इतका आवडला होता! जो चोराला अडवायला केला, त्याला चोर आणि धनी यांतला फरकच कळत नव्हता. तिनं चार रात्री नियमाची वीस पानं पालथी घातली, आणि प्रकल्प दुसऱ्या संस्थेकडं द्यावा असा प्रस्ताव व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवला. संस्था तिनंच शोधली होती, उमरीचं एक कॉलेज. त्याला परदेशात शाखा नव्हती. खरं म्हणजे गावातही त्याला धड इमारत नव्हती.

"मंजुरीला चार महिने लागतील," व्यंकटराव म्हणाले.

"मृग चार महिने थांबतो का, साहेब? मंजुरी येईपर्यंत बी तिथल्या शेतात जाऊ द्या. माझ्या सहीवर. उद्या चूक ठरली तर माझी."

व्यंकटरावांनी कागद फाईलमध्ये सरकवला आणि नाही म्हटलं नाही.

उरलेलं बी राजकन्यानं एका लहान तागाच्या पिशवीत भरलं. लाख आणली नाही. दाभण घेऊन तोंड स्वतः शिवलं, आणि बापानं शिकवले होते तसे दोन्ही कोपऱ्यांना कान काढले. पिशवी इतकी हलकी होती, की तिला कानांची काही गरज नव्हती.

"घ्या," तिनं पिशवी पुढं केली. "पोच लिहून द्या."

शिवगंगानं पिशवी हातात घेतली, उलटी केली आणि तळ बोटांनी चाचपून पाहिला. मशीनचा होता, सपाट. मग तिनं सही केली.